ठिणगी येत नाही

मोठ्या आजारातून उठल्यावर काकांनी पहिलं काम हाती घेतलं, ते बागेतलं गवत कापायचा जुना, छोटा ट्रॅक्टर चालू करायचं. चावी फिरवली की इंजिन नुसतं फिरायचं, पेटायचं नाव घेत नव्हतं. काकांनी प्लग बदलला, कॉइल बदलली, नवी बॅटरी आणली, एकूण एक वायर पुसून पुन्हा जोडली.

"अहो, पुरे आता, दमाल," काकू म्हणायच्या.

"मी बरा झालो ना? मग हाही होईल," काकांचं ठरलेलं उत्तर.

शेवटी मेकॅनिक आला. त्याने सीटवर बसून चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात धडधडायला लागलं. काका हरखून वर चढले, तर ढिम्म. पुन्हा मेकॅनिक बसला, चालू. पुन्हा काका, बंद.

"मालकावर रुसलाय बहुतेक," काका हसले.

मेकॅनिकने सीट उचलून खालचा स्विच दाबून पाहिला. सीटवर माणूस नसेल तर इंजिनात ठिणगी पडू नये, म्हणून तो बसवलेला असतो. स्विच अगदी ठणठणीत होता.

"काका, ट्रॅक्टरमध्ये काहीच बिघाड नाही," तो नजर चुकवत म्हणाला. "तुम्ही बसलात की सीट दबतच नाही. तेवढं वजनच राहिलं नाही तुमचं."

"सापडलं का काही?" आतून काकूंनी विचारलं.



काकांनी कंबरेवरून घसरणारी पँट वर ओढली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हिला सांग, ट्रॅक्टर आता दुरुस्त होण्यासारखा राहिला नाही."