ज्याच्या नावाचं इंजेक्शन

देशावर आर्थिक निर्बंध घालणाऱ्यांचा एक साहेब दवाखान्याच्या पाहणीला आला, तेव्हा मोठ्या सिस्टरनं वॉर्डातलं औषधांचं कपाट मुद्दाम सताड उघडून दाखवलं. आत धूळ होती आणि एक इंजेक्शन.

"औषधांवर आमचे निर्बंध कधीच नव्हते, बाई," साहेब समजूत काढल्यासारखं म्हणाला. "अर्ज केला की मंजुरी मिळते."

मिळाली होती ना. चौदा पानी अर्जावर चौदा महिन्यांनी दम्याचं हे एक इंजेक्शन, तेही तीन नंबरच्या खाटेवरच्या आजींच्या नावानं. सिस्टरनं ओठांवर आलेली शिवी गिळली.

तेवढ्यात त्या धुळीनं साहेबाला ठसका लागला, पाठोपाठ जुना दमा उसळला, आणि बघता बघता स्वारी निळी पडून फरशीवर बसली. सिस्टरनं आजींकडे पाहिलं.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस? टोच त्याला," आजी म्हणाल्या. "माणूसच आहे तो, वाटत नसला तरी."

पाच मिनिटांत साहेबानं टाय सारखा केला. जाताना डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "तुमचे उपकार मी विसरणार नाही."

आणि नाहीच विसरला. महिन्याभरात त्याचा अहवाल आला: 'एका रुग्णाच्या नावे मंजूर झालेलं इंजेक्शन या दवाखान्यानं परस्पर दुसऱ्याच माणसाला टोचल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. सबब, यापुढची मंजुरी रद्द.'