एकटीचा फोटो

“हलू नका मावशी,” संघर्ष म्हणाला आणि पुतळाबाई नेमकी तेव्हाच हलली. ही सातवी खेप.

पाटसच्या स्टँडसमोरचा त्याचा स्टुडिओ साडेआठला उघडायचा. पुतळाबाई आठलाच पायरीवर येऊन बसली होती. अंगावर लग्नातला शालू, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि पायात मात्र रानातल्या चपला. संघर्ष बघतच राहिला.

“कुणाचं लगीन हाय का मावशी?”

“न्हाई. माझा एकटीचा फोटू पायजे. मोठा, भिंतीला लावायचा. आन् दहाच्या आत मला भांडगावात पोचायचंय.”

तिचा मुलगा सत्यजीत रात्रपाळी करून दहाला घरी यायचा. तो आल्यावर आपल्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आज राहिला तर हा फोटो कायमचा राहिला.

नवऱ्याला, ज्ञानदेवाला, फोटोचं वावडं नव्हतं. घाई नव्हती एवढंच. दिवाळीपासून ती त्याच्या मागं लागली होती आणि तो आपला म्हणायचा, उसाचं गळीत संपू दे, दोघं मिळून जाऊ. काल जेवताना तिनं पुन्हा विषय काढला, तर हसून म्हणाला, “या वयात हिरॉईन व्हायचंय व्हय?” पुतळाबाई जी फणफणली ती पाठ करून झोपली. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. पहाटे तिनं चहा नेऊन ठेवला, हाका मारल्या. उत्तर नाही. रुसण्यात ज्ञानदेवाचा हात धरणारं भांडगावात कुणी नव्हतं. ती थोडा वेळ त्याच्या उशाशी बसली, मग उठली आणि शालू काढायला ट्रंक उघडली.

एवढा हट्ट कशाला, असं कुणीही विचारेल. त्याला कारण सोजराबाई, तिची थोरली जाऊ. ती मागल्या वर्षी गेली तेव्हा घरात तिचा एक फोटो सापडेना. शेवटी पोरांनी आधार कार्डावरचा मोठा करून दहाव्याला लावला. डोळे अर्धे मिटलेले, पदर घसरलेला, आणि विधवा झाल्यावर काढलेला म्हणून कपाळ मोकळं. चाळीस वर्षं ठसठशीत कुंकू लावून वावरलेली बाई तिथं कुणाला ओळखू येईना. आपलंही असंच होणार, म्हणून पुतळाबाईला त्या दिवशी धडकीच भरली होती.

“मी समोर असलो की तुमचा चेहरा आक्रसतोय,” संघर्ष म्हणाला. त्यानं कॅमेऱ्याचा स्क्रीन तिच्याकडं वळवला आणि रिमोट तिच्या हातात दिला. “स्वतःकडं बघा. आवडलं की हे बटण दाबा. मी बाहेर थांबतो.”

ती एकटी उरली. घरातला आरसा तळहाताएवढा. त्यात कुंकू लावण्यापुरतं कपाळ दिसायचं, नाहीतर भांग. अख्खं तोंड एकदम असं तिनं कधी बघितलंच नव्हतं. हनुवटी थेट आईची निघाली. डोळे सुजलेले होते. एवढ्याशा बोलण्यावरून आपण पाठ फिरवली, याचं तिला फार वाईट वाटलं. माणूस हसत होता की नुसता.

पिशवीतला फोन वाजला. मांडवगणला दिलेली लेक, सुलक्षणा. ती रोज याच वेळेला करायची.

“आई, आप्पांनी बीपीची गोळी घेतली का?”

“झोपल्यात.”

“आजून? उठीव की.”

“झोपू दे. तू न्ह्यारी केलीस का?”

“न्हाई आजून.”

“मग आधी खाऊन घे पोटभर. पोरांनाबी घाल.”

“हे काय मधीच?”

“सांगते ते ऐक,” म्हणून तिनं फोन बंदच करून टाकला. आठ पन्नास झाले होते. तिनं मान ताठ केली, स्वतःच्या डोळ्यांत बघितलं आणि बटण दाबलं.

संघर्षनं आत येऊन फोटो कम्प्युटरवर घेतला. “हा बेस्ट आलाय. फक्त घामानं कुंकू जरा फिसकटलंय. इथं नवं लावतो, दोन मिनटांचं काम हाय.”

“लावल्यालं नको!” पुतळाबाई एवढ्या जोरात म्हणाली की त्याचा हात माऊसवरून निघाला. “हाय तेच राहू दे.”

“बरं. फ्रेम करून ठेवतो, संध्याकाळी न्या.”

“संध्याकाळी न्हाई जमायचं. नुसता कागूद दे.”

परतीचा जीपवाला शिटं भरल्याशिवाय हलेना. पुतळाबाईचा जीव टांगणीला लागला. चौफुल्याला तो आणखी दोघांसाठी थांबला तेव्हा तर ती रडकुंडीला आली.

भांडगावात उतरली तेव्हा दहाला दहा कमी होते. शालू कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ती घरांच्या मागच्या वाटेनं, जवळजवळ पळतच आली. दाराची कडी तिनं घातली होती तशीच होती. अंगणात सत्यजीतची गाडी नव्हती. तिनं फोटो ट्रंकेच्या तळाशी सपाट ठेवला, नथ उतरवली, शालू सोडून रोजचं लुगडं नेसली आणि आतल्या खोलीत ज्ञानदेवाच्या खाटेजवळ जाऊन टेकली.

“आले बरं का,” ती म्हणाली. “काढला. चांगला आलाय.”

रस्त्याकडून सत्यजीतच्या मोटरसायकलचा आवाज जवळ येत होता.

पुतळाबाईनं चादर वर ओढून नवऱ्याचं तोंड झाकलं, बाहेर येऊन दार सताड उघडलं, आणि पहाटेपासून दाबून धरलेला हंबरडा फोडला.