छातीचे ठोके

जीव मुठीत धरून या देशात आल्यापासून तिची छाती धडधडायची. कपड्यांच्या कारखान्यात काम करताना हातातली इस्त्री टेकवून ती भिंत धरून उभी राहायची. तपासण्यांत मात्र काहीच निघत नव्हतं.

“मनाला लावून घेतलंयस गं,” मोठी जाऊ म्हणायची. “पळताना गर्दीत पोरगा हरवला, त्यात तुझा काय दोष?”



आज दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई होत्या. इथली भाषा शिकलेली जाऊ दुभाषी म्हणून शेजारी बसली. बाईंनी हसून नळी कानाला लावली, तिच्या छातीवर टेकवली.

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं आणि बाहेर कोणी नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि श्वास रोखून पुन्हा ऐकलं.

“पुरे,” ती पुटपुटली.

बाईंनी नळी काढली. “तुमच्या भाषेतलं मला अक्षरही येत नाही,” त्या जाऊला म्हणाल्या. मग कानावर पडलेला एकेक शब्द त्यांनी अडखळत उच्चारला.

“‘आई, कडी काढ, ते आले’... म्हणजे काय हो?”

जाऊने सावकाश मान वळवून तिच्याकडे पाहिलं.