ऐकू आलं नाही

"ताई, तुम्ही इथं बसा, पंख्याखाली," म्हणत चिमणीनं खुर्ची ओढून दिली, तेव्हाच ताईंना कळायला हवं होतं. दोघी एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. गेली सहा वर्षं पंधरवड्यातून एकदा, दुपारची सुट्टी जुळली की शहराच्या ऐन मध्यावरच्या या टीचभर व्हिएतनामी हॉटेलात त्या जेवायला यायच्या, पण चिमणीनं आजवर कुणासाठी खुर्ची ओढली नव्हती. ती आधी स्वतः बसायची आणि बसता बसताच बोलायला लागायची. थिएटरमध्ये तिला चिमणी हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

आज मात्र ती गप्प होती. हॉटेलवाल्या म्हाताऱ्यानं फोचे दोन मोठे वाडगे आणून ठेवले. शेवयांच्या त्या सूपची वाफ ताईंच्या चष्म्यावर बसली. चिमणीनं आपल्या वाटणीचा पुदिना, लिंबाची फोड, सगळं ताईंच्या वाडग्यापाशी सरकवलं.

"काय गं, आजच निरोप समारंभ उरकतेस की काय माझा?" ताई हसल्या. "रिटायर व्हायला अजून आठ महिने आहेत."

चिमणी हसली नाही. घाबरलीय पोरगी, ताईंना वाटलं. आणि घाबरण्यासारखं होतंही. येत्या शुक्रवारी चौकशी होती. महिन्यापूर्वी ऑपरेशनमध्ये एका बाईच्या पोटात रक्त टिपायच्या गॉजचा तुकडा राहिला होता, आणि तो कुणाच्या नकळत राहिला नव्हता. टाके घालण्याआधी गॉज मोजायचे ते दोघींनी, आणि मोठ्यानं. एकीनं म्हणायचं, दुसरीनं तिच्या मागून म्हणायचं. त्या दिवशी ताई म्हणाल्या, "एक कमी आहे." मागून चिमणीही म्हणाली, "एक कमी आहे." सर्जनसाहेबांना दुसऱ्या दवाखान्यात पोचायची घाई होती. बायकांना दहापर्यंत मोजता येत नाही, असं काहीसं पुटपुटून त्यांनी टाके घातले. ताईंनी थिएटरच्या वहीत तसं लिहिलं, तर वहीचं नेमकं तेच पान आता सापडत नव्हतं. भूल देणारे डॉक्टर पडले साहेबांचे मेहुणे, त्यांना साहेबांना आठवेल तेवढंच आठवायचं. राहता राहिली चिमणी.

म्हणून ताई तिला समजावत राहिल्या. साहेबांकडे बघूच नकोस, माझ्याकडे बघ. जे झालं तेवढंच सांग, तिखटमीठ लावू नकोस आणि गाळूही नकोस. खऱ्याला पाठांतर लागत नाही. मी शेजारीच बसलेली असेन.

चिमणी काड्यांनी शेवया नुसत्याच खालीवर करत होती.

"मी लिहून दिलंय ताई. काल."

"काय लिहून दिलंस?"

"की मशीनचा आवाज होता. मला काही ऐकू आलं नाही."

ताईंनी हातातला चमचा खाली ठेवला. "ऐकू आलं नाही? अगं, तू माझ्या मागून म्हणालीस."

मग चिमणी बोलायला लागली, आणि एकदा लागली ती थांबेना. मेट्रनबाईंनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला होता. कागद आधीच टाइप केलेला होता. ती अजून कंत्राटावर होती, कायम होणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव येऊ घातलं होतं. घरी नवरा असून नसल्यासारखा, त्यात आईचं दुखणं. तुम्ही काय, आठ महिन्यांनी सुटाल, माझी उभी नोकरी अजून पुढं आहे, असंही ती म्हणाली. ताईंना काही होणार नाही, फार तर समज देतील, असं मेट्रनबाईंनी तिला सांगितलं होतं. तिचा त्यावर विश्वास बसला होता, किंवा तिनं तो बसवून घेतला होता.

ताई ऐकत होत्या. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केस आपणच वाढवलेला. पहिल्या ऑपरेशनला रक्त बघून घेरी आलेल्या या पोरीला त्यांनीच सावरलं होतं. मनातल्या मनात मोजू नकोस, तोंडानं मोज, हेही त्यांनीच शिकवलं होतं. नोकरी गेली तर जाईल. पण अठ्ठावीस वर्षं ज्या बाईनं मोजल्याशिवाय एक टाका घालू दिला नाही, ती आता मोजायला चुकली म्हणून घरी जाणार होती. त्यांना रडू आलं नाही. राग आला, आणि तो सूपच्या वाडग्यावर काढावा असं क्षणभर वाटलं.

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं जेवून ऑफिसांकडे परतायला लागली. म्हातारा टेबलं पुसत होता. ताईंनी पिशवी खांद्याला लावली.

"ताई, अजून एक होतं." चिमणीनं त्यांचं मनगट धरलं. "आईचं ऑपरेशन ठरलंय. गुरुवारी. साहेब स्वतः करतो म्हणालेत."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. चिमणीचे डोळे भरून आले होते.

"मोजायला तुम्हीच उभ्या राहा. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." आणि मग आवाज आणखी खाली आणून ती म्हणाली, "फक्त, मी सांगितलं म्हणून साहेबांना कळू देऊ नका."

ताईंनी मनगट हळूच सोडवून घेतलं. पेशंटच्या नातेवाइकांशी त्या ज्या आवाजात बोलत, त्याच शांत, स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या,

"बुधवारी रात्री दहानंतर आईंना पाणीसुद्धा देऊ नका."