थांब्याची वाट

घर आकाशातून कसं दिसतं हे पाहायची नवऱ्याला भारी हौस, म्हणून त्यानं ड्रोनवाल्याला बोलावलं. उतरत्या सोनेरी उन्हात ड्रोन भुर्रकन वर गेला आणि पडद्यावर बंगला झळाळला. ती नवऱ्याच्या खांद्यामागून पाहत होती. झाडांपलीकडे एक लाल ठिपका थांबला. “ते काय?” तिनं विचारलं. “बस. तिथं थांबा आहे, वहिनी,” ड्रोनवाला म्हणाला. “पायी पाच मिनिटं.” लग्नापासून ती ऐकत आली होती, की इथून गाडीशिवाय कुठंही जाता येत नाही. आणि गाडीची किल्ली कायम नवऱ्याच्या खिशात. आईच्या आजारपणात तो “रविवारी नेतो” म्हणत राहिला आणि आई गेली. “पुरे. उतरवा ते,” नवरा म्हणाला. पडद्यावरची जमीन जवळ येऊ लागली. तोवर ती डोळे न मिटता वाट पाठ करत राहिली: फाटकातून डावीकडे, झाडांपर्यंत, मग सरळ.