कोरी हवा

इन्फ्रारेड यंत्राचा आलेख महिनाभर हट्टाला पेटला होता. सरळ रेषेत मधेच खड्डा पडायचा. आरसे पुसले, ओलावा शोषणारी पुडी बदलली, तरी फरक पडेना. शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "खड्डा कार्बन डायऑक्साइडचा आहे," तो म्हणाला. "यंत्र प्रत्येक मोजणीतून आधी साठवलेली कोरी हवा, म्हणजे नमुना न ठेवता घेतलेली नोंद, वजा करतं. ती साठवताना कुणाचा श्वास आत गेला होता?" आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा, आणखी कुणाचा. झाकण उघडं टाकून यंत्राशीच गप्पा मारायच्या. महिन्यापूर्वी त्या वारल्यापासून इथे मी एकटीच. "कोरी हवा रोज नव्याने मोजायची, ताई. आता मोजा, जुनी आपोआप पुसली जाईल." जणू मला माहीतच नव्हतं; पण बाईंनी साठवलेली शेवटची नोंद पुसायची मीच टाळत आले होते. बटणावर नेलेलं बोट मी मागे घेतलं, झाकण उघडलं आणि आत वाकून म्हटलं, "बाई, कँटीनचा चहा आजही पांचटच होता." माझ्या श्वासाने पडद्यावरचा खड्डा भरत आला.