नावापुढचा पत्ता

कंपनीत मेल पाठवताना सगळे नुसतं नाव लिहायचे. पुढचा कंपनीचा पत्ता सर्व्हर आपणहून जोडायचा. त्या नावाचं कंपनीत कुणीच नसलं, तर मेल बेवारस पेटीत जाऊन पडायचा. त्या पेटीकडे कुणी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंनी साफसफाईसाठी ती उघडली, तर आत स्टोअरकीपरकाकांचे दोनशे आठ मेल. सगळे 'ठकू' या एकाच नावावर, दर शनिवारचे.

बाई खाली गोदामात गेल्या.

"काका, ही ठकू कोण?"

"लेक माझी." काका हातातली खोकी खाली ठेवत म्हणाले. "लग्नावरून बिनसलं आमचं. चार वर्षं झाली घर सोडून. दर शनिवारी लिहितो मी. उत्तर देत नाही, माझ्यासारखीच हट्टी. पण एकही मेल तिनं परत पाठवला नाही हो!" काकांचा चेहरा उजळला. "आमच्याकडे माल परत आला नाही, म्हणजे समोरच्यानं तो उतरवून घेतला."

बाईंनी हळूच विचारलं, "तिचा पत्ता... कुठे लिहिलाय?"

काकांनी टेबलाच्या काचेखालच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "जाताना ठेवून गेली."

चिठ्ठीवर लेकीच्या अक्षरात पत्ता होता, नावापुढचा सगळा, अगदी पूर्ण. त्याखाली दोनच ओळी होत्या.

'बाबा, राग गेला की एक मेल करा, मी निघून येईन. तोवर तुम्हाला त्रास देणार नाही.'